संयुजा पाठ, तरी सूत्र चुकतं: चूक नेमकी कुठं शोधायची

संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो किंवा घेतो तो आकडा) आठवीत येतात, मूलकं (सल्फेट, हायड्रॉक्साइड असे प्रभार असलेले गट) नववीत येतात, आणि दहावीच्या जूनमध्ये "कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं सूत्र लिहा" म्हटलं की निम्म्या वह्यांत कंस गायब. मॅग्नेशियम ऑक्साइडला एमजी-टू ओ-टू. सोडियम सल्फेटला चार-चार सोडियम. घरून निरोप येतो, "मॅडम, रात्री बसवून तक्ता पाठ करून घेतलाय हो, तोंडावर आहे सगळा." आणि असतोही. सोडियम एक, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन, पाढे म्हणावेत तसं पोरगं धडाधड म्हणून दाखवतं. चाचणीत मात्र परत चार सोडियम.

निफाड तालुक्यातल्या द्राक्षपट्ट्यात मी विज्ञान शिकवते. सुरुवातीची बरीच वर्षं मीही "जा, तक्ता पुन्हा पाठ कर" एवढंच सांगायचे. उपयोग शून्य. तक्ता विसरल्यामुळे होणाऱ्या चुका फार थोड्या असतात. बाकीच्या तक्त्यानंतर होतात आणि प्रत्येकीचा चेहरा वेगळा असतो. लाल पेनाने फुली मारायच्या आधी चुकलेलं सूत्र नीट वाचलं, तर पोरगं कुठं घसरलं ते त्यातच दिसतं.

एक खुलासा. इथं सूत्रं मी वर्गात तोंडाने म्हणते तशीच लिहिली आहेत, कारण अक्षराच्या पायाशी बसणारे छोटे आकडे मोबाइलवर धड उमटत नाहीत. एएल-टू ओ-थ्री म्हणजे दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन. "होल ट्वाइस" म्हणजे कंस आणि कंसाबाहेर दोन, "होल थ्राइस" म्हणजे कंसाबाहेर तीन. वहीत अर्थातच नेहमीच्या रोमन संज्ञा.

आधी ही पाच सूत्रं लिहून घ्या

मॅग्नेशियम ऑक्साइड, सोडियम सल्फेट, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, फेरिक ऑक्साइड, अमोनियम फॉस्फेट. पुस्तक बंद, तक्ता समोर उघडा. तक्ता मुद्दाम उघडा ठेवायचा, म्हणजे पाठांतराची सबब राहत नाही.

सोडियम क्लोराइड यात घेऊ नका. दोघांची संयुजा एक. तिरकस गुणाकार (बाण काढून एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहिणं) केला काय, नाही केला काय, समजून लिहिलं काय नि अंदाजाने लिहिलं काय, उत्तर बरोबरच येतं. ते बरोबर आलं म्हणून आपण पुढं जातो, तिथंच गोची होते. वरच्या पाचांतलं प्रत्येक सूत्र वेगळी चूक पकडतं. पाचही बरोबर आली तर पुढचं वाचायची गरज नाही.

चार सोडियम कुठून आले

सोडियम सल्फेटला "एनए-फोर एसओ-फोर" लिहिणाऱ्या मुलाला विचारा, "सल्फेटची संयुजा किती रे?" तक्त्यावर दोन छापलेलं असतानाही तो "चार" म्हणेल. कारण त्याच्या डोळ्यांसमोर एसओ-फोर आहे आणि त्यात ढळढळीत चार दिसतोय.

सगळ्यांत चिवट चूक हीच, आणि ती अगदी स्वाभाविक आहे. आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंची टोळी. सल्फेटसारख्या आयनाच्या संज्ञेला दोन आकडे लागतात, एक पायाशी, एक डोक्याशी. पायाशी असलेला चार म्हणजे ऑक्सिजनचे चार अणू. डोक्यावरचा "दोन वजा" म्हणजे त्या अख्ख्या टोळीवरचा प्रभार. आपण वर्गात दोन्ही "चार", "दोन" असे सारख्याच आवाजात म्हणतो. ऐकणाऱ्याने कसं ओळखायचं, कुठला अणू मोजणारा आणि कुठला प्रभार मोजणारा?

मी पाकीट काढते. खरोखरचं. लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं घरात पडलेली असतात, त्यांतल्या एकात एक एस आणि चार ओ लिहिलेल्या चिठ्ठ्या टाकते, पाकीट चिकटवते आणि बाहेर मोठ्या अक्षरात लिहिते: सल्फेट, दोन वजा. यापुढं आत काय आहे ते बघायचं नाही. पोस्टमन पाकीट फोडत नाही, तो वरचा पत्ता बघतो. सूत्र जुळवताना आपल्याला बाहेरचा आकडाच लागतो. सोडियम एक अधिक, पाकीट दोन वजा, म्हणून सोडियम दोन, पाकीट एक. एनए-टू एसओ-फोर.

आमच्याकडच्या पोरांना पाकीट न फुटण्याचा पुरावा शेतातच मिळतो. बागेवर मारायचं बोर्डो मिश्रण घरोघरी बनतं. एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. निळं पाणी चुन्याच्या निवळीत ओतलं की कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट होतं. म्हणजे सल्फेट तांब्याकडून उठून कॅल्शियमकडे गेला, हायड्रॉक्साइड कॅल्शियमकडून तांब्याकडे आला. बिऱ्हाडं बदलली, पण एस एकीकडे आणि ओ दुसरीकडे असं झालं नाही. एका मुलाने विचारलं होतं, "मग मॅडम, एस आणि ओ-फोर भांडत नाहीत का कधी?" भांडतात, पण त्याला बोर्डोच्या पिंपापेक्षा बराच जास्त त्रास द्यावा लागतो.

कंस कुठं हरवतो

पाकीट समजलं की कंस वेगळा शिकवावा लागत नाही. एकापेक्षा जास्त पाकिटं लागली की त्याभोवती कंस. एकच लागलं तर कंस नको. साध्या अणूला, म्हणजे क्लोरीन, ऑक्सिजन वगैरेंना, कंस कधीच नको.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडला सीए-ओएच-टू लिहिणाऱ्याला रागावू नका, त्याला अणू मोजायला लावा. "ऑक्सिजन किती?" एक. "हायड्रोजन किती?" दोन. "पण हायड्रॉक्साइडची पाकिटं दोन होती ना? मग दुसऱ्या पाकिटातला ऑक्सिजन कुठं सांडला?" एवढं पुरतं. सीए ओएच होल ट्वाइस. नंतर त्याच वाक्यावर तो मॅग्नेशियम नायट्रेट आपणहून एमजी एनओ-थ्री होल ट्वाइस लिहितो.

उलटी चूकही बघितली आहे. कंस समजल्याच्या आनंदात मुली सोडियम हायड्रॉक्साइडलाही कंस घालतात. ते चुकीचं नाही, नुसतं जास्तीचं आहे. मी गुण कापत नाही. कापणारे कापतात.

अमोनियम फॉस्फेट यादीत ठेवलंय ते याचसाठी. त्यात दोन्हीकडे पाकिटं आहेत आणि कंस डावीकडे येतो: एनएच-फोर होल थ्राइस, पीओ-फोर. कंस म्हणजे "सूत्राच्या शेवटी काढायची गोष्ट" असं ज्यांच्या डोक्यात बसलंय, त्यांची पंचाईत इथं होते.

तिरकस गुणाकाराऐवजी लसावि

आता माझा खरा मुद्दा. एमजी-टू ओ-टू ही चूक मुलाची नाही, पद्धतीची आहे. तिरकस गुणाकारात मॅग्नेशियमचा दोन ऑक्सिजनखाली जातो, ऑक्सिजनचा दोन मॅग्नेशियमखाली येतो, आणि बाण जसे सांगतात तसं पोरगं लिहितं. "आता दोन्हीला दोनने भागा" ही पायरी नंतर चिकटवलेली असते. चिकटवलेली पायरी पहिली गळून पडते.

बाण शिकवण्याआधी मी एकच प्रश्न ठेवते: देणाऱ्याचं देणं आणि घेणाऱ्याचं घेणं समान कधी होईल? ॲल्युमिनियमचा अणू तीन इलेक्ट्रॉन देतो. ऑक्सिजनचा अणू दोन घेतो. तीन आणि दोन यांचा लसावि ६. सहा इलेक्ट्रॉन द्यायला ॲल्युमिनियम दोन लागले, सहा घ्यायला ऑक्सिजन तीन लागले. एएल-टू ओ-थ्री. आता मॅग्नेशियम ऑक्साइड: दोन आणि दोनचा लसावि २, म्हणून एकास एक. भागाकाराची वेळच येत नाही. लेड चार आणि ऑक्सिजन दोन: लसावि ४, शिसं एक, ऑक्सिजन दोन. ॲल्युमिनियम फॉस्फेट: तीन आणि तीन, लसावि ३, एकास एक, कंसही नको. लसावि पोरांना पाचवी-सहावीपासून येतो. नवीन काहीच शिकवावं लागत नाही.

परीक्षेत पायऱ्या विचारल्या असतील तर बाण काढायचेच, त्याला गुण असतात. पण कच्च्या कामात आधी लसावि, मग बाण. दोन्हींची उत्तरं जुळली नाहीत तर बाणांनंतरचा भागाकार राहिलाय हे लगेच कळतं.

हुशार पोरं इथं अडवतात. "मॅडम, एमजी-टू ओ-टू ला भागायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या एच-टू ओ-टू ला का नाही भागायचं?" हा प्रश्न आला की मला बरं वाटतं. उत्तर मिठाच्या खड्यात आहे. १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची आतली रचना उलगडली, तेव्हा एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी जोडी आत कुठंच सापडली नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, आणि हीच वीण खड्याच्या कडेपर्यंत. मिठाचा "रेणू" म्हणून काही सुटा दाखवताच येत नाही. ही गोष्ट त्या काळी भल्याभल्यांना पचली नव्हती. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये "नेचर"मध्ये त्याविरुद्ध चिडून लिहिलं होतं. त्यामुळे नववीतल्या पोराला ते पचायला वेळ लागला तर त्यात काही नवल नाही.

तर आयनिक, म्हणजे आयनांनी बनलेल्या संयुगाचं सूत्र म्हणजे प्रमाण. एकास एक, दोनास तीन. प्रमाण नेहमी संक्षिप्त रूपात लिहितात, गणितात लिहितो तसंच. हायड्रोजन पेरॉक्साइड आयनिक नाही. तिथं दोन ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन मिळून एक सुटा रेणू खरोखर असतो. त्याला भागलं तर रेणूच कापला जाईल.

माझी स्वतःची फजिती

हे सगळं मला पहिल्यापासून कळत होतं असं नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या जादा तासाला एका पोराने विचारलं, "मॅडम, आंबे पिकवायला लावतात त्या कार्बाइडचं सूत्र काय?" वर्ग रंगात होता. मी खडू घेतला, कॅल्शियम दोन, कार्बन चार, सरळ बाण मारले, सीए-फोर सी-टू, दोनने भागलं आणि फळ्यावर ऐटीत लिहिलं: सीए-टू सी.

घरी आल्यावर चहा घेताना ते डोक्यात टोचायला लागलं. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो. ॲसिटिलीन म्हणजे सी-टू एच-टू, दोन कार्बन एकमेकांना घट्ट धरलेले. ती कार्बनची जोडी आली कुठून? कार्बाइडमध्ये ती आधीपासून असणार. म्हणजे तिथं एकटा कार्बन नाहीच. दोन कार्बनचं पाकीट आहे आणि पाकिटावर दोन वजा लिहिलंय. कॅल्शियम दोन अधिक, पाकीट दोन वजा, एकास एक. सीए-सी-टू. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन्ही सूत्रं शेजारी लिहिली आणि आदल्या दिवशीचं का चुकलं ते पोरांनाच शोधायला लावलं. (कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, हेही तेव्हाच सांगून झालं.)

त्या दिवसापासून अपवादांची वेगळी यादी मी देत नाही. सोडियम पेरॉक्साइड एनए-टू ओ-टू का राहतं? कारण ओ-टू हे पाकीट आहे, दोन वजा. पाकिटाच्या आतला दोन भागायला आपल्या हातात नाही. मर्क्युरस क्लोराइड एचजी-टू सीएल-टू का? कारण तिथं पाऱ्याचे दोन अणू जोडीने एकत्र दोन अधिक घेऊन बसलेत. पाकीट ओळखा, लसावि काढा. बाण मारून भागत सुटलात तर मात्र हे सगळे हातचे जातात.

फेरिक ऑक्साइडमध्ये दोन वेगळ्या चुका

एफई-ओ लिहिलं असेल तर मुलाने लोखंडाची दोन ही संयुजा घेतली. लोखंडाला दोन संयुजा आहेत आणि नावात तो फरक सांगितलेला असतो: शेवटी "अस" तर कमी, "इक" तर जास्त. फेरस दोन, फेरिक तीन. पण "इक म्हणजे तीन" असा नियम पोरांनी करून घेतला की तांब्यावर आपटतात, कारण क्युप्रस एक आणि क्युप्रिक दोन. कथलात स्टॅनस दोन, स्टॅनिक चार. कमी आणि जास्त, एवढाच त्याचा अर्थ.

एफई-थ्री ओ-टू लिहिलं असेल तर संयुजा बरोबर घेतली, पण आकडे ज्याचे त्याच्याच खाली ठेवले. लसाविच्या रीतीत ही चूक होत नाही, बाणांच्या रीतीत होते. तपासायला लावा: तीन फेरिकचे अधिक ९, दोन ऑक्सिजनचे वजा ४. शून्य होत नाही.

आयर्न आणि कंसात रोमन तीन, मग ऑक्साइड, असं नवं नाव आलं की तिसरी चूक जन्म घेते: एफई-थ्री ओ. कंसातला तीन हा लोखंडाचा प्रभार आहे, अणूंची संख्या नाही. ही रीत आल्फ्रेड स्टॉकने १९१९ मध्ये सुचवली, आणि "अस-इक"च्या घोळातून सोडवायलाच सुचवली. आपल्या पोरांना तिने दुसऱ्या घोळात घातलं, हा भाग वेगळा.

आणि कुणी एफई-थ्री ओ-फोर लिहिलं तर चटकन फुली मारू नका. फेरिक ऑक्साइड म्हणून ते चूकच, पण ती वस्तू खरी आहे. वाळूत लोहचुंबक फिरवला की जी काळी पूड चिकटते, ती बहुतेक हीच. त्यात एक लोखंड दोन अधिकवालं आणि दोन लोखंडं तीन अधिकवाली, बेरीज ८. चार ऑक्सिजनचे वजा ८. जमतं.

देवनागरीत मोठं अक्षर नसतं

मराठी माध्यमात ही चूक जास्त दिसते आणि तिचं कारण आपल्या लिपीत आहे. आपल्या "क"ला मोठा-छोटा असा भेद नाही. पोराला रोमन लिपीतल्या मोठ्या-छोट्या अक्षराचा फरक म्हणजे टापटिपीचा भाग वाटतो, अर्थाचा नाही. म्हणून सगळं मोठ्या अक्षरांत लिहितात. बहुतेक ठिकाणी चालून जातं, पण मोठा सी आणि मोठा ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मोठा सी आणि छोटा ओ म्हणजे कोबाल्ट. तोंडाने म्हणताना दोन्ही "सीओ". इथं माझी तोंडाने म्हणायची रीतही कामाची नाही, वहीच बघावी लागते. मुलांना मी एवढंच सांगते: मोठं अक्षर दिसलं की नवं मूलद्रव्य सुरू. सूत्रात मोठी अक्षरं मोज, तेवढी मूलद्रव्यं (एकच संज्ञा दोनदा आली तर एकदाच धर).

संज्ञांची दुसरी खोड पोटॅशियमची. पी लिहितात. बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास ही अक्षरांची पद्धत बसवली ती लॅटिन नावांवरून, म्हणून सोडियम नॅट्रियमचं एनए, पोटॅशियम कॅलियमचं के, लोखंड फेरमचं एफई. आमच्याकडे त्याला सोपा उपाय आहे. खताच्या गोणीवर एनपीके असतं आणि नत्र, स्फुरद, पालाश हा क्रम पोरांना झोपेतही येतो. पी म्हणजे स्फुरद, के म्हणजे पालाश. संपलं.

नावाची शेपूट नीट ऐका

फॉस्फाइड आणि फॉस्फेट, सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट. भरभर बोललं की शेवटचे दोन तर एकच ऐकू येतात. "आइड" असेल तर बहुधा एकटं मूलद्रव्य, "आइट" आणि "एट" असेल तर सोबत ऑक्सिजन, "एट"मध्ये "आइट"पेक्षा जास्त. हायड्रॉक्साइड, सायनाइड आणि वर आलेलं पेरॉक्साइड मात्र शेपूट "आइड"ची लावून बसलेली पाकिटंच आहेत, ती पाठ करावी लागतात.

हे नुसतं गुणांपुरतं नाही. ॲल्युमिनियम फॉस्फेट आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइड यांत लिहिताना फक्त शेपटाचा फरक. दुसरं म्हणजे धान्याच्या कोठारात किडीसाठी ठेवतात त्या गोळ्या. दमट हवा लागली की त्यातून फॉस्फीन हा जीवघेणा वायू सुटतो. सूत्रं एएल पीओ-फोर आणि एएल-पी. एवढं सांगितल्यावर वर्ग शेपटाकडे लक्ष देतो.

तपासणी गोणीवर

सूत्र लिहून झाल्यावर प्रभारांची बेरीज शून्य येते का हे बघणं पहिली तपासणी. ती सगळ्यांनीच करावी. पण बेरीज शून्य येऊनही सूत्र चुकीचं असू शकतं, कारण पाकीटच चुकीचं घेतलेलं असतं. त्यासाठी दुसरी तपासणी मला एका मुलीमुळे सापडली.

ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांना इथं नावाने कुणी बोलावत नाही. "बारा एकसष्ट", "तेरा शून्य पंचेचाळीस", "शून्य बावन्न चौतीस". ती मुलगी शेडमधल्या गोणीवरचं नाव उतरवून घेऊन आली: मोनो अमोनियम फॉस्फेट, १२:६१:०. तिने सूत्र लिहिलं होतं एनएच-फोर होल थ्राइस, पीओ-फोर. प्रभार तपासला, तीन अधिक, तीन वजा, शून्य. बरोबर वाटतंय.

म्हटलं, नत्र किती टक्के येतं बघ. वस्तुमानांक तिला माहीत होते. तीन अमोनियमचे १८ प्रमाणे ५४, फॉस्फेटचे ९५, एकूण १४९. त्यात नायट्रोजन ४२. भागाकार केला, २८ टक्के. गोणीवर १२. ती गोणीकडे बघत बसली आणि म्हणाली, "मॅडम, खतवाल्याने फसवलं का?"

फसवलं नव्हतं. "मोनो" हा शब्द तिने सोडून दिला होता. अमोनियम एकच, मग फॉस्फेटचे उरलेले दोन वजा कोण भरणार? हायड्रोजन. प्रत्येक हायड्रोजन पाकिटात शिरला की पाकिटावरचा वजा एकाने कमी होतो: पीओ-फोर तीन वजा, एच पीओ-फोर दोन वजा, एच-टू पीओ-फोर एक वजा. धुण्याच्या सोड्यातला कार्बोनेट दोन वजा आणि खाण्याच्या सोड्यातला बायकार्बोनेट एक वजा, तेही याच हिशोबाने. म्हणून सूत्र एनएच-फोर एच-टू पीओ-फोर. तिने परत मांडलं: १८ अधिक ९७, म्हणजे ११५. नायट्रोजन १४. भागाकार १२.१७. मग मी तिला सांगितलं की गोणीवर स्फुरद पी-टू ओ-फाइव्हच्या हिशोबात छापतात, तर तिने तेही काढलं: पी-टू ओ-फाइव्हमध्ये पी दोन, म्हणून दोन रेणूभारांच्या २३० मध्ये १४२, म्हणजे ६१.७. गोणीवर ६१.

आता दर वर्षी मुलं आपापल्या घरच्या गोणीचं सूत्र करून आणतात. तेरा शून्य पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, के एनओ-थ्री, नत्र १४ टक्क्यांच्या जरा आत. शून्य बावन्न चौतीस म्हणजे के एच-टू पीओ-फोर. गेल्या खेपेला एकजण डीएपी (डाय अमोनियम फॉस्फेट) घेऊन आला आणि वैतागला. सूत्र एनएच-फोर होल ट्वाइस, एच पीओ-फोर. १३२ मध्ये २८, नत्र २१ टक्के यायला हवं, आणि गोणीवर १८. त्याने सूत्र तीनदा खोडून लिहिलं होतं, कागदाला भोक पडलं होतं. सूत्र पहिल्यांदाच बरोबर होतं. डीएपीचे दाणे ठिबकच्या खताइतके शुद्ध नसतात.